दुसरं १०७० घ्यावं की एकच नवं कार्ड?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मशीनमध्ये एक जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड आहे, तसंच वापरलेलं दुसरं स्वस्तात मिळतंय. १४४०पी मॉनिटर, आय७-७७०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा (बोर्डावरची नियंत्रक चिप) बोर्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), काम मुख्यतः गेमिंग. दोन जोडावीत की एकच नवं घ्यावं?

एकच घ्या. तुमच्या बाबतीत तर दोन जोडायचा पर्याय मुळात उपलब्धच नाही. बी२५० बोर्डावर लांब स्लॉट दोन दिसत असले, तरी प्रोसेसरच्या १६ लेन (माहिती वाहून नेणारे मार्ग) दोन स्लॉटांत ८-८ अशा वाटायची सोय त्या पिढीत झेड२७० सारख्या वरच्या चिपसेटांनाच होती. तुमच्या खालच्या स्लॉटला चिपसेटकडून फार तर ४ लेन मिळतात, आणि एसएलआयला (एनव्हिडियाची दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायची सोय) प्रत्येक कार्डामागे किमान ८ लागतात. म्हणजे कार्ड बसेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसेलही, पण ड्रायव्हरमध्ये एसएलआय चालू करायचा पर्यायच येणार नाही.

समजा बोर्ड झेड२७० असता, तरी उत्तर तेच राहिलं असतं. एसएलआय चालायला प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये प्रोफाइल (त्या गेमपुरत्या सेटिंग्ज) लागतं, आणि आरटीएक्स २० व त्याआधीच्या कार्डांसाठी नवी प्रोफाइल देणं एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून थांबवलं. डायरेक्टएक्स १२ मध्ये (विंडोजवरच्या गेमचा ग्राफिक्सचा पाया) ही जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण ती उचलली मोजक्यांनीच. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या गेममध्ये तर एएमडी आणि एनव्हिडियाची कार्डं एकत्र चालायची. एका गेमसाठी मात्र कोणी दुसरं कार्ड घेत नाही.

जिथे चालतं तिथेही आकड्यावर भुलू नका. दोन्ही कार्डं आळीपाळीने फ्रेम काढतात. एका कार्डाला एका फ्रेमला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर पडद्यावर दर १५ मिलिसेकंदांनी फ्रेम यायला हवी. प्रत्यक्षात अनेकदा एक ५ मध्ये येते आणि पुढची २५ मध्ये. कोपऱ्यातला मीटर सेकंदाला ६६ फ्रेम दाखवतो, डोळ्याला तो २५ चा खड्डाच जाणवतो, म्हणजे अनुभव ४० चा. शिवाय प्रत्येक फ्रेम तयार व्हायला लागणारे ३० मिलिसेकंद तसेच राहतात, त्यामुळे माउसचा प्रतिसाद काही सुधारत नाही. त्यात आता बहुतेक गेम टीएए किंवा डीएलएससारख्या चित्र सुधारणाऱ्या पद्धती वापरतात. त्यांना मागच्या फ्रेमची माहिती लागते आणि ती नेमकी दुसऱ्या कार्डात असते. ती आणेपर्यंत हे कार्ड ताटकळत बसतं.

मेमरीचा गैरसमजही इथेच मिटवू. ८ अधिक ८ म्हणजे १६ जीबी होत नाहीत. तेच टेक्स्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) दोन्ही कार्डांत ठेवावं लागतं, त्यामुळे गेमला ८ च मिळतात.

आता नवं कार्ड. आरटीएक्स ४०७० सारखं २०० वॉटचं, १२ जीबीचं कार्ड घेतलंत, तर ते एकटंच १०७० च्या दुपटीहून पुढे जातं. दोन १०७० ने कागदावर जास्तीत जास्त दुप्पट दिलं असतं आणि त्यासाठी ३०० वॉट खाल्ले असते. कंपनी या कार्डासाठी ६५० वॉटचा सप्लाय सुचवते, पण तो हिशोब मोठा प्रोसेसर धरून केलेला आहे. आय७-७७०० हा ६५ वॉटचा आहे, उरलेल्या मशीनला ६०-७० धरा. ५५० चा चांगल्या प्रतीचा सप्लाय पुरतो. भरवशाचा नसेल तर आधी तो बदला. कार्ड शक्यतो एका ८ पिनच्या जोडणीचं बघा. १६ पिनचं असेल तर प्लग शेवटपर्यंत दाबून बसवा आणि तोंडापाशी वायर दुमडू नका.

स्वस्तातलं ४०६० किंवा ४०६० टीआय घेण्याआधी एक लक्षात ठेवा: या दोघांना ८ च लेन आहेत. तुमचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या पिढीचा, म्हणजे प्रत्येक लेनचा वेगही निम्मा. एरवी फारसं कळत नाही, पण ८ जीबी मेमरी भरली आणि रॅममधून टेक्स्चर ओढायची वेळ आली की गेम अडखळायला लागतो.

पैसे देण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करा. नेहमीचा गेम १४४०पी वर चालवा, फ्रेम बघा. मग बाकी काहीही न बदलता ७२०पी करा. फ्रेम चांगल्या वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जेमतेम हलल्या तर प्रोसेसर अडतोय. चार कोरच्या ७७०० वर नव्या गेममध्ये हे सर्रास होतं, आणि मग कुठलंही कार्ड लावलंत तरी फरक पडणार नाही. अशा वेळी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आधी.

दोन कार्डं खरोखर उपयोगी पडतात ती गेमिंगबाहेर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये ती ब्रिजशिवाय (कार्डं जोडणारी पट्टी) काम वाटून घेतात. सीन मात्र प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावायला हवा, नाहीतर वेग घसरतो. घरच्या मशीनवर भाषा मॉडेल चालवणारे प्रत्येकी २४ जीबीची दोन आरटीएक्स ३०९० लावतात, कारण मॉडेलचे थर दोन्हींत विभागता येतात आणि ४८ जीबी खरोखर वापरात येतात. तिथे दोन कार्डांमध्ये निदान एक स्लॉट मोकळा सोडा. चिकटून बसवलीत तर वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं आणि तापून आपला वेग कमी करतं.

बदलताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर) काढा, मशीन बंद करा, मगच कार्ड काढा. आणि जुनं १०७० 'असू दे बाजूला' म्हणून नव्याशेजारी ठेवायचा मोह टाळा: पास्कल, म्हणजे १०७० च्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात, दोन्ही कार्डांना चालेल असा ड्रायव्हर ५८० क्रमांकाच्या आवृत्त्यांवरच अडकतो, आणि नव्या गेमसाठी आलेले ड्रायव्हर नव्या कार्डालाही मिळत नाहीत. विकून टाका, आत्ता गिऱ्हाईक आहे.