फायरबॉल दिसला पण व्हिडिओ नाही, मग कळवून उपयोग काय?

प्रश्न: परवा रात्री गच्चीवर उभा होतो तर एकदम मोठ्ठा हिरवट गोळा आकाशातून सरकत गेला, तीन-चार सेकंद दिसला, शेवटी दोन तुकडे झाले आणि समोरच्या झाडांमागंच पडला असं वाटलं. दोनेक मिनिटांनी लांबून गडगडल्यासारखा आवाज आला. सकाळी झाडांमागं जाऊन शोधलं, काहीच नाही. मोबाईल काढेपर्यंत सगळं संपलं होतं. हे कुणाला कळवून उपयोग आहे का?

उत्तर: आहे, खूप आहे! आणि तुम्ही आवाजाचं लिहिलंत ते तर फारच छान केलंत. आवाजाला एक किलोमीटर यायला ढोबळमानाने तीन सेकंद लागतात, म्हणजे दोन मिनिटांत झाले 40 किलोमीटर, त्यामुळं झाडांमागं काही सापडणार नव्हतंच. 'इथंच मागं पडला' असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, कारण आकाशातल्या उजेडाचं अंतर डोळ्याला कळत नाही. पण आवाज ऐकू आला म्हणजे उल्का बरीच खाली आली असणार, आणि अशा वेळी दगड जमिनीपर्यंत पोचलेला असू शकतो. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला फायरबॉल म्हणतात, पण सगळेच काही खाली पोचत नाहीत.

अंतर डोळ्याला कळत नसलं तरी दिशा कळते, आणि उल्केचा मार्ग शोधणाऱ्यांना तीच हवी असते. तुम्ही एका गावातून दिशा सांगितली, दुसऱ्या कुणी पन्नास किलोमीटरवरून सांगितली, की दोन्ही रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं उल्का होती, इतकं सरळ आहे. म्हणून आज परत त्याच जागी उभे राहा, कुठं दिसायला लागली आणि कुठं विझली ते समोरच्या घराच्या, खांबाच्या आधाराने ठरवा, मोबाईलच्या कंपासवर दिशा बघा. उंचीसाठी हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. मग इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनच्या साइटवरचा फायरबॉलचा फॉर्म भरा, फुकट आहे. फक्त एक कळकळीची विनंती, दुसऱ्यांचे व्हिडिओ बघायच्या आधी भरा, नाहीतर त्यांनी पाहिलेलं तुमच्या आठवणीत मिसळतं आणि ते नंतर वेगळं काढता येत नाही.

28 फेब्रुवारी 2021 ला ब्रिटनमध्ये असंच झालं, हजारावर लोकांनी कळवलं, हौशी लोकांच्या कॅमेऱ्यांनी मार्ग टिपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विंचकम गावात एका घरासमोर काळे तुकडे मिळाले. ते लगेच गोळा झाले म्हणून फार मोलाचे ठरले, कारण ती कार्बनयुक्त, पाण्याचा अंश असलेली दुर्मिळ अशनी (म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेला उल्केचा दगड) होती आणि असा दगड पावसात भिजला की खराब होतो.

उपग्रहाचा तुकडा होता का अशी शंका असेल तर तो बराच सावकाश जातो, कधी मिनिटभरही दिसत राहतो, त्यामुळं तुमचे तीन-चार सेकंद उल्केकडंच बोट दाखवतात.

कुठं ताजा काळा दगड सापडलाच तर आधी जागेवरच फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, उघड्या हाताने उचलू नका आणि लोहचुंबक तर अजिबात लावू नका, दगडातली मूळ चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते. आणि आजच्या आज आजूबाजूच्या सीसीटीव्हीवाल्यांना त्या वेळचं फुटेज सेव्ह करायला सांगा, बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं.