भिंतीवर कमरेच्या उंचीची सजावटीची पट्टी लावायची आहे. ती किती उंचीवर घ्यावी, कशाची घ्यावी आणि नुसत्या गमवर टिकेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंच त्यावर ठरतं. गम पट्टीला भिंतीशी जोडत नाही, भिंतीवरच्या रंगाशी जोडतो. रंग भिंतीला घट्ट धरून असेल तर हलकी पट्टी गमवर वर्षानुवर्षं राहते. नसेल तर गम कितीही महागाचा आणा, पट्टी रंगाच्या पापुद्र्यासकट हातात येते.

म्हणून आधी भिंत तपासा. तळहात दाबून फिरवा. पांढरी भुकटी लागली तर भिंतीवर चुना किंवा डिस्टेंपर आहे आणि त्यावर गम धरणार नाही. भुकटी लागली नाही तर ब्लेडने 2-3 मिमी अंतरावर आडव्या-उभ्या चिरा मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोनी तुकडे निघून आले तर पट्टीच्या जागेवरचा रंग गिलाव्यापर्यंत खरवडावा लागेल. खरवडलेला पट्टा पट्टीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी 5 मिमी कमी ठेवा, म्हणजे कडा बाहेर दिसणार नाही. उघड्या पडलेल्या गिलाव्याला प्रायमरचा एक हात द्या. कोरडा गिलावा गममधलं पाणी लगेच शोषून घेतो आणि गम पकडण्याआधीच वाळतो. भिंतीला ओल असेल तर पट्टीचा विचार ओल थांबेपर्यंत पुढे ढकला.

आता उंची. जमिनीपासून 900 मिमी हा ठरलेला आकडा तुम्हाला सगळीकडे दिसेल, पण तो सरसकट घेऊ नका. मूळ कल्पना अशी की पट्टी भिंतीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास यावी, छत 2.4 मीटरवर असेल तर 800 मिमी, 2.7 मीटरवर असेल तर 900. बरोबर मध्यावर घेतली की भिंतीचे दोन सारखे तुकडे पडतात आणि खोली बुटकी दिसते. खुर्च्यांच्या पाठी भिंतीला घासतात म्हणून पट्टी हवी असेल, तर खुर्चीची पाठ जिथे टेकते तिथेच ती यायला हवी, तेव्हा खुर्ची भिंतीला लावूनच माप घ्या. खिडकीचा खालचा काठ पट्टीपासून चार-पाच सेंटीमीटरवरच येत असेल तर पट्टी सरळ त्या काठाच्या रेषेत घ्या किंवा चांगली दूर न्या. थोडक्यात चुकलेली रेषा डोळ्याला सतत टोचते. स्विचबोर्डही आधीच बघा: पट्टी बोर्डाला कापत जाणार असेल तर उंची बदला. बोर्ड खाचून पट्टी बसवलेली कधीच नीट दिसत नाही.

साहित्याचं माझं मत थोडक्यात असं. रंगवायची असेल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड: सरळ असतं, गाठी नसतात, पण पाण्याला भितं. पॉलिश करून लाकडाचा पोत दाखवायचा असेल तरच लाकूड. ते लावण्याआधी किमान दोन दिवस त्याच खोलीत आडवं ठेवा, नाहीतर बसवल्यावर आक्रसून जोड उघडतात. पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) हलकं, ओलीला न डरणारं आणि गमवर बसणारं, म्हणून एकट्याने काम करणाऱ्याला सोपं. थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरीनच्या पट्ट्या या उंचीवर घेऊच नका. खुर्ची लागली की खड्डा पडतो, आणि सॉल्व्हंटवाला गम लावला तर पट्टी अक्षरशः विरघळते.

जाडी निवडताना दाराच्या चौकटीची पट्टी भिंतीपासून किती पुढे येते ते मोजा. सजावटीची पट्टी त्याहून जाड असेल तर दारापाशी तिचं कापलेलं टोक उघडं दिसतं. जाडच हवी असेल तर टोक 45 अंशांत कापून, त्याच पट्टीचा इवलासा तुकडा लावून नक्षी भिंतीकडे वळवावी लागते. 12 बाय 10 फुटांच्या, 3 फुटी दाराच्या खोलीला 41 फूट पट्टी भरते. 8 फुटांच्या नगांत हिशेब केला तर 6 लागतात, पण 7 घ्या. तिरप्या कापात आणि चुकीत बरंच जातं, आणि नंतर आणलेला नग त्याच नक्षीचा निघेलच असं नाही.

रेषा जमिनीपासून मोजून मारू नका. जमीन सपाट नसतेच. एका जागी उंची ठरवा आणि तिथून पाणसळीने किंवा लेझरने चारी भिंतींवर न्या. फिरून पहिल्या खुणेवर यायला हवी. आली नाही तर पाणसळ उलटी करून पुन्हा मोजा, चूक बहुधा तिचीच असते. मग सूत मारा, म्हणजे रंग लावलेली दोरी ताणून रेषा उमटवा. जमिनीला खूपच उतार असेल, म्हणजे एका भिंतीच्या लांबीत 20-25 मिमी, तर पाणसळीत बसलेली पट्टी स्कर्टिंगच्या तुलनेत तिरकी भासते. अशा वेळी मी निम्मा उतार पट्टीला देईन. पाणसळीवाल्यांना हे पटत नाही, पण खोलीत पाणसळ घेऊन कुणी बसत नाही.

सगळ्यात जास्त माल कोपऱ्यात वाया जातो. खोलीचे कोपरे क्वचितच 90 अंशांचे असतात. गिलावा कोपऱ्यात जाड होतो आणि कोन 88 ते 93 मध्ये कुठेही निघतो. बेव्हलने (कोन मापायच्या हत्याराने) कोन मोजा, निम्मा करा. इथे एक ठरलेली चूक होते: तिरपे काप घेणाऱ्या करवतीच्या कोन दाखवणाऱ्या तबकडीवरचा शून्य म्हणजे सरळ आडवा काप. म्हणून कोपरा 92 अंशांचा असेल तर निम्मे 46 होतात, पण तबकडी 90 वजा 46, म्हणजे 44 वर लावायची. 46 वर लावली की जोडात फट राहते आणि माणूस भिंतीला दोष देतो. प्रत्येक कोपऱ्यासाठी आधी टाकाऊ तुकड्यांवर काप घेऊन जुळवून बघा.

आतल्या कोपऱ्यात लाकूड किंवा एमडीएफ असेल तर दोन्ही बाजू तिरप्या कापूच नका. एक पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवा. दुसरी 45 अंशांत कापा. कापाच्या कडेवर नक्षीची रेघ उमटलेली दिसेल, त्या रेघेवरून बारीक पात्याच्या करवतीने मागच्या बाजूला किंचित जास्त खात कापत जा. ही पट्टी पहिलीच्या नक्षीवर टोपीसारखी बसते आणि कोपरा एक-दोन अंश चुकीचा असला तरी फट दिसत नाही. लाकूड आक्रसलं तरी असा जोड तिरप्या जोडाइतका उघडत नाही. पीयूला मात्र तिरपा कापच घ्यावा. बाहेरच्या कोपऱ्याला कुठल्याही साहित्यात तिरपा कापच लागतो.

लांब भिंतीवर दोन नग जोडताना टोकं सरळ भिडवू नका, दोन्ही 45 अंशांत कापून एकावर एक चढवा. पुढे जोड थोडा सरकला तरी काळी फट दिसत नाही. पीयूचा नग मोजमापापेक्षा 2-3 मिमी लांब कापा आणि मध्ये किंचित कमान करून दाबून बसवा. थंडीत ते आक्रसतं, आणि जोडाला त्याचा खास गम लावला नाही तर तिथे केसासारखी भेग येते.

बसवताना पट्टीच्या मागे गमची नागमोडी रेघ ओढा, कडांपासून 10 मिमी आत. लाकूड आणि एमडीएफला गमबरोबर स्क्रूही लावा, दर 450 ते 600 मिमीला एक, आणि प्रत्येक टोकापासून साधारण 50 मिमीवर. स्क्रूच्या लांबीचा हिशेब इथे चुकतो. 20 मिमीची पट्टी, 15 मिमीचा गिलावा आणि 50 मिमीचा स्क्रू घेतला तर विटेत फक्त 15 मिमी जातो, प्लग (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, जिच्यात स्क्रू पकडतो) गिलाव्यातच फुलतो आणि गिलावा फोडतो. 65 मिमीचा स्क्रू घ्या, 6 मिमीच्या बिटने भोक पुरेसं खोल पाडा आणि प्लग गिलाव्याच्या पलीकडे ढकला. जिप्समच्या भिंतीत बोर्डामागच्या उभ्या चौकटी शोधा. लोहचुंबक फिरवला की पत्र्याच्या चौकटीचे स्क्रू सापडतात. स्विचबोर्डाच्या वर, खाली आणि आडव्या रेषेत वायरींच्या नळ्या असण्याची दाट शक्यता असते, तिथे नुसता गम पुरे. ड्रिलआधी तपासणीयंत्र फिरवा आणि त्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवा.

भिंतीला पोट असेल तर पट्टी मध्ये टेकते आणि टोकं उचलतात. स्क्रू आवळून तिला वाकवू नका, एमडीएफ तडकतं. 3-4 मिमीपर्यंतची फट अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरा. त्याहून मोठी असेल तर पोटाचा गिलावा घासून खाली आणा. सिलिकॉन चुकूनही वापरू नका, त्यावर रंग बसत नाही. सीलंट वाळताना आत बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात मारा. स्क्रूच्या डोक्यांवर लांबी (पुट्टी) भरा आणि पॉलिश पेपर मारा.

पट्टीला प्रायमर आणि रंगाचा पहिला हात बसवण्याआधीच जमिनीवर द्या. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पितात. तिथे प्रायमरचे दोन हात आणि मधे घासणं लागतंच. एमडीएफ कापताना मास्क लावा, ती धूळ फार बारीक असते.

वर तसबिरी टांगायची पिक्चर रेलही लावणार असाल तर ती वेगळी वस्तू आहे. तिच्या माथ्यावर हुक अडकायला खोबण असते आणि सगळं वजन तिला भिंतीपासून बाहेर ओढतं. ती गमवर कधीच नको. दर 400 मिमीला स्क्रू द्या. ती साधारणपणे छताच्या 300 ते 500 मिमी खाली घेतात. पण छत 2.4 मीटरवर असेल तर दोन्ही पट्ट्या एकाच भिंतीवर लावू नका, भिंत तीन फडताळांसारखी दिसते. तिथे खालच्या भागात पट्टीच्याच सजावटीच्या चौकटी करणं जास्त शोभतं. 3600 मिमीच्या भिंतीवर चार चौकटी हव्यात तर 100 मिमीच्या पाच मोकळ्या जागा वजा करा, 3100 उरले, म्हणजे प्रत्येक चौकट बाहेरून 775 मिमी. चिकटवण्याआधी दोन्ही कर्ण मोजा; सारखे भरले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.