कॅशला घाबरू नकोस, वही ठेव

अरे भावा, तू विचारलंस की गिऱ्हाईक कामाचे पैसे कॅशमध्ये देतात, त्याचं काय करू, तर आधी डोक्यातून एक काढ, कॅश घेणं गुन्हा नाहीये, ती आयकरात न दाखवणं हा लोच्या आहे. मी वीस वर्षं वायरिंगची कामं घेतोय, पहिली पाच वर्षं सगळं खिशातच, मग घराच्या लोनला गेलो तर बँकवाला म्हणतो आयकराचे रिटर्न दाखवा, दाखवायला काय होतं, डोंबल!

सध्या एवढंच कर:

- वहीत तारीख, गिऱ्हाईक, रक्कम, कॅश की यूपीआय. रोज रात्री लिही, महिनाअखेरीला काही आठवत नाही.
- एका कामाचे 2 लाख किंवा जास्त कॅशमध्ये घ्यायचेच नाहीत, तुकडे पाडून पण नाही. दंड घेतलेल्या रकमेएवढा बसू शकतो, म्हणजे मजुरी गेली आणि मटेरियलही अंगावर.
- रिटर्न भर. छोट्या धंद्याला अंदाजे नफ्याची सोय आहे, म्हणजे कॅशच्या उलाढालीच्या किमान 8 टक्के नफा धरायचा, बँकेतून आलेल्याच्या 6, आणि कर त्या नफ्यावरच. आयकराच्या नव्या पद्धतीत 12 लाख उत्पन्नापर्यंत कर शून्य, मग लपवून मिळवतोस काय?

नवीन पोरं हमखास फसतात ती सेव्हिंग खात्यात, वर्षात 10 लाख कॅश भरली की बँक स्वतः आयकरवाल्यांना कळवते. बायकोच्या यूपीआयवर पैसे घेणं ही पण हुशारी नाही. 2025 च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तर काहींनी क्यूआर कोडच काढून टाकले, म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडला.

जीएसटीचं वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या जवळ पोचली की विचार, आत्ता नको.