गाडीच्या रेडिएटरमधून थेंब थेंब कूलंट गळतंय, घरीच दुरुस्त होईल का?

गळती नेमकी कुठे आहे त्यावर ठरेल. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत कॅप उघडू नका; आत दाब असतो, उकळतं पाणी थेट अंगावर उडतं. आधी होजपाइपचे क्लॅम्प तपासा, बऱ्याचदा गळती तिथेच असते आणि क्लॅम्प आवळला की थांबते.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला बारीक छिद्र असेल तर कूलंट छिद्राच्या खाली येईपर्यंत काढा. ती जागा सँडपेपरने चकचकीत घासा, थिनरने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग दोन भागांचं, उष्णता सोसणारं इपॉक्सी (एक प्रकारचा घट्ट गोंद) लावून २४ तास हात लावू नका. तेलकटपणा किंवा ओल राहिली तर पहिल्याच गरम फेरीत ते सुटतं.

वरच्या किंवा बाजूच्या प्लास्टिक टाकीला तडा असेल तर चिकटवाचिकटवी नको, टाकी किंवा रेडिएटर बदला. दाबाखाली तो तडा वाढतच जातो.

गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव फक्त गॅरेज गाठण्यापुरता वापरा. त्याने हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा (तयार मिश्रण असेल तर पाणी घालू नका) आणि कूलंटच्या मार्गात अडकलेली हवा काढा. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार साचतात.