तीव्रता तीच ठेवून वारंवारता दुप्पट केली तर प्रवाहाचं काय होतं?

तुमचे दोन प्रश्न आहेत. तीव्रता तीच ठेवून वारंवारता दुप्पट केली तर प्रकाशविद्युत प्रवाह, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह, तेवढाच राहतो की बदलतो? आणि तांबडा प्रकाश खूप प्रखर केला तर कधीतरी इलेक्ट्रॉन निघतीलच ना?

पहिल्या प्रश्नात घोळ होतो तो ‘तीव्रता’ या शब्दामुळे. कोणी तिचा अर्थ दर सेकंदाला पडणारी ऊर्जा असा घेतं, कोणी दर सेकंदाला पडणारे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे ऊर्जाकण, असा. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. वारंवारता दुप्पट म्हणजे तरंगलांबी निम्मी: ४०० नॅनोमीटरला ३.१, २०० ला ६.२. धातूच्या पत्र्यावर १ मिलिवॉट प्रकाश पडत असेल, तर पहिल्या वेळी सेकंदाला साधारण २ वर १५ शून्यं इतके फोटॉन येतात, दुसऱ्या वेळी त्याच्या निम्मे. फोटॉन निम्मे, म्हणून संपृक्त प्रवाहही (सुटलेले सगळे इलेक्ट्रॉन गोळा होतात तेव्हाचा कमाल प्रवाह) निम्मा. फोटॉनांची संख्या तीच ठेवली असेल, तर प्रवाह तेवढाच. (खऱ्या धातूत शंभर फोटॉनांमागे एक इलेक्ट्रॉनही सुटत नाही, आणि हे प्रमाण वारंवारतेनुसार बदलतं. परीक्षेच्या गणितात ते स्थिर धरतात.)

इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा मात्र दुप्पट होत नाही, ही चूक फार जण करतात. सोडियमचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे ३.१ मधून उरतात ०.८ आणि ६.२ मधून ३.९, जवळजवळ पाचपट!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. एका इलेक्ट्रॉनला एकाच फोटॉनची ऊर्जा मिळते, आणि तांबड्या फोटॉनची ऊर्जा वर्क फंक्शनपेक्षा कमी असेल तर इलेक्ट्रॉन सुटत नाही. नेहमीच्या दिव्यांच्या प्रकाशात थोडी थोडी ऊर्जा साठत जात नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लेनार्डने १९०२ मध्ये आर्क दिव्याची तीव्रता हजारपटीने बदलून पाहिली, तरी इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा हलली नाही. त्याचं स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलं.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि मी ते दर वर्षी मुलांना आवर्जून दाखवतो. जस्ताची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासून सुवर्णपत्र विद्युतदर्शीवर (प्रभार असला की ज्याची सोन्याची पातळ पानं फाकतात ते उपकरण) ठेवायची. पीव्हीसीचा पाइप लोकरीवर घासून तिला ऋण प्रभार द्यायचा, की पानं फाकतात. आता पुढे काच असलेला ५०० वॅटचा हॅलोजन हवा तितका जवळ आणा, पानं ढिम्म हलत नाहीत. मग छोटी जंतुनाशक यूव्ही ट्यूब लावा. तिचे फोटॉन २५४ नॅनोमीटरचे, म्हणजे ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टचे, आणि जस्ताला लागतात सुमारे ४.३. इलेक्ट्रॉन सुटून ऋण प्रभार कमी होतो आणि पानं लगेच मिटायला लागतात. ट्यूबकडे थेट बघू नका, डोळ्यांना इजा होते. प्रयोग पावसाळ्यातही नको, दमट हवेत प्रभार आपोआप गळतो आणि काहीच कळत नाही.

पानं अर्धी मिटली की ट्यूब आणि पट्टीच्या मध्ये खिडकीच्या काचेचा तुकडा धरा. ट्यूबचा निळसर उजेड पट्टीवर दिसत राहतो, पण यूव्ही काचेत अडतो आणि पानं आहेत तिथेच थांबतात. काच काढली की पुन्हा मिटू लागतात.