बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव पडलंय? माझा अनुभव (जरा लांब झालाय)

ताई, तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. माहेरी सांगलीकडं बाळंतपण, सासर सातारा जिल्ह्यात, दाखल्यावर तुमचं लग्नाआधीचं नाव, बाळाच्या नावाची जागा कोरी. वर जन्मनोंदणीच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, आधी राजपत्र (नाव बदलल्याची सरकारी प्रसिद्धी) आणा, मग तुमचं आणि बाळाचं एकदमच करू. माझ्या लेकीच्या वेळी शब्दन् शब्द हेच ऐकलंय. तुमच्या सासूबाई पुण्याची आत्या आल्याशिवाय नाव ठेवू देत नाहीत, तेही ओळखीचंच.

21 दिवसांत नोंद, जिथं जन्म तिथंच नोंद, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मी वकील नाही की कुठल्या कार्यालयात कामाला नाही. जे भोगलं आणि नंतर वाचून काढलं तेवढंच सांगते. तुमच्याकडं पद्धत थोडी वेगळी असू शकते.

हे होतं कसं ते बघा. माझं सिझर झालं, मी आत. बाहेर काउंटरवरचा पोरगा ओरडला, "पेशंटचं नाव सांगा." आईनं सांगितलं. आई काय सांगणार? तिनं ठेवलेलं नाव. आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहितात ना, माझंही बदललेलं. आधारवर सासरचं. फाईल मात्र पहिल्या सोनोग्राफीपासून माहेरच्याच नावानं, कारण दाखवायला भाऊ घेऊन जायचा. त्या फाईलवरून दवाखान्यानं जन्माचा अहवाल भरला आणि ऑनलाइन पाठवून दिला. डिस्चार्जच्या गडबडीत तो फॉर्म आम्हाला कुणी दाखवला नाही. माझ्या मते दवाखान्यांनी ही सवय लावून घ्यायलाच पाहिजे. बिलावर तीन-तीन सह्या घेतात, जन्माच्या अहवालावर आईची एक नजर फिरवून घ्यायला काय जातं?

पूर्वी असली चूक आईच्या नावाच्या रकान्यात पडून राहायची, फारसं कुणाचं अडत नव्हतं. आता तसं नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव बाळ, आई, वडील आणि मग आडनाव अशा क्रमानं लिहायचं शासनानं ठरवलंय. निर्णय मला मनापासून आवडला. पण तुमचं नाव चुकलं की ती चूक थेट पोराच्या नावात जाऊन बसते, तिथून शाळेत, तिथून दहावीच्या सर्टिफिकेटवर. तेव्हा "चालतंय, नंतर बघू" म्हणणाऱ्या नवऱ्याचं अजिबात ऐकू नका. (माझा म्हणाला होता.)

आता त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, जिल्ह्यात राहायचंय. तिथं माझे दोन विषय एकात गुंतवून ठेवले. बाळाचं नाव घालायचं तर आधी आईचं नाव दुरुस्त पाहिजे, आईचं दुरुस्त करायचं तर राजपत्र पाहिजे. दवाखान्यात गेलं की ते म्हणणार, आम्ही ऑनलाइन पाठवलं, आता तिकडंच विचारा. तिकडं गेलं की म्हणणार, दवाखान्याचं पत्र आणा. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. जावक क्रमांक घालून नेलं तर साहेब मीटिंगला. टाके ओले, बाळ रडतंय, बाकड्यावर पंखा नाही. मी म्हटलं, "लेकीच्या योजनेचा अर्ज भरायचाय, लवकर करा." तर तिथल्या टेबलावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलीचंच हाय न्हवं, कशाला एवढी गडबड?"

ते वाक्य अजून डोक्यात जातं. ज्या सातारा जिल्ह्यात मुलीला 'नकुशी', म्हणजे नको असलेली, असं नाव ठेवायचे, तिथं माझं सासर. 2011 च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम घेऊन जिल्ह्यातल्या 285 नकुशींना नवी नावं दिली, देशभर बातम्या झाल्या. त्या पोरींनी स्वतःला आवडेल ते नाव घेतलं. आणि माझ्या लेकीचं ठरलेलं नाव कागदावर चढवायला गडबड नको म्हणे! असो. बीपी वाढतं.

तुमचं काम: हे दोन वेगळे अर्ज आहेत, एकत्र करू देऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात बाळाचं नाव घालणं कलम 14 मध्ये आहे आणि नोंदीतली चूक दुरुस्त करणं कलम 15 मध्ये. नाव घालायला आईवडिलांनी तोंडी सांगितलं तरी कायद्याला चालतं. पहिल्या 12 महिन्यांत त्याला शुल्क नाही, पुढं 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तरी तुम्ही लेखीच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पोच देत नसतील तर एवढंच म्हणायचं, "नाही म्हणताय ते लिहून द्या." आवाज चढवायचा नाही. माझ्याबाबतीत या वाक्यानंतर खुर्ची पहिल्यांदा हलली.

आईच्या नावाची दुरुस्ती जरा किचकट. साधी लिहिण्यातली चूक आणि माहितीच चुकीची असणं, यात ते फरक करतात. दुसऱ्या प्रकाराला प्रसंगाची माहिती असलेल्या दोन भरवशाच्या माणसांचं निवेदन लागतं. मी माझी चुलती आणि रात्रभर सोबत थांबलेली शेजारीण अशी दोघींची दिली. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावांचे पुरावे आणि दवाखान्याचं पत्र. पत्रात फक्त 'आईचे नाव बदलावे' असं नको. 'नोंद करताना अमुक नाव लिहिले गेले, दोन्ही नावे एकाच महिलेची आहेत' असं स्पष्ट हवं. हे वाक्य आमच्या डॉक्टर मॅडमनी स्वतः लिहून दिलं, काउंटरवर मिळालं नसतं. माझं यावर झालं, राजपत्र लागलं नाही. तुमच्याकडं कागद जुळत नसतील तर लागूही शकतं. आणि दुरुस्ती म्हणजे जुनं खोडून नवं नव्हे. मूळ नोंद तशीच राहते, समासात दुरुस्ती लिहून निबंधक (जन्मनोंद करणारे अधिकारी) सही-तारीख घालतात. म्हणून अर्जाच्या प्रती जपून ठेवा.

तरीही अडवलं तर कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा निबंधकांकडं 30 दिवसांत अपील करता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही, नुसता उल्लेख पुरला. त्याच दुरुस्तीनं 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला ठरवलाय, शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत. कंटाळून सोडून देऊ नका ते यासाठी.

आत्याचं काय करायचं? माझं मत कुणाला आवडणार नाही, पण सांगते. कागदावरचं नाव आईवडिलांनी ठरवायचं. पाळण्यातलं नाव आत्याचं, नावरस अक्षराचं, काय हवं ते. आमच्या बारशाला नणंदेनं कानात कुर्रर्र करून वेगळंच नाव सांगितलं. गोप्या म्हणून टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, बायकांनी नणंदेच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, सगळे खूश. तोवर आम्ही ठरवलेल्या नावाचा अर्ज नवऱ्यानं देऊनही टाकला होता. घरात आजही दोन्ही नावं चालतात. इंग्रजी स्पेलिंग मात्र आधीच ठरवा. अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून जास्तीचा 'ए' घालायचा असेल तर आत्ताच घाला, नंतर आधारला जुळत नाही.

तुम्हाला मुलगी आहे आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर 'लेक लाडकी' योजनेसाठी अंगणवाडी सेविकेला आत्ताच गाठा. 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलींना आहे, जन्मानंतर 5,000 आणि टप्प्याटप्प्यानं 18 वर्षांपर्यंत एकूण 1,01,000 रुपये. त्यालाही दाखला लागतो.

आणि ताई, पोस्टमध्ये टाकलेल्या दाखल्याच्या फोटोत नोंदणी क्रमांक आणि घरचा पत्ता स्पष्ट दिसतोय. तो फोटो आधी पोस्टमधून हटवा. दवाखान्याच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर इथंच सांगा, नावं काढून टाकते.