बेसबॉलमध्ये बॉल की स्ट्राइक हे कॅमेऱ्यांना अचूक कळतं, मग सगळेच निर्णय त्यांच्याकडे का देत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: चेंडू नेमका कुठून गेला हे यंत्राला कळतं, तर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने प्रत्येक संघाला सामन्यात दोनच चॅलेंज, म्हणजे अंपायरचा निर्णय यंत्राकडून तपासून घ्यायच्या संधी, देऊन बाकी सगळं अंपायरच्या डोळ्यांवर का ठेवलं? अर्धा माणूस, अर्धं यंत्र असं कशाला?

मी मेजर लीगपासून खूप लांबचा माणूस आहे. शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या सॉफ्टबॉल सामन्यांत चौदा वर्षं प्लेट अंपायर म्हणून उभा राहतोय, आणि मेजर लीगचे सामने जमेल तितके बघतो. बॅटरमागे चेंडू धरणाऱ्या कॅचरच्या मागे वाकून उभं राहायचं आणि पापणी लवायच्या आत निर्णय द्यायचा, हे काम दोन्ही खेळांत सारखंच. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटरने बॅट फिरवली नाही आणि चेंडू स्ट्राइक झोनमधून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की आउट, चार बॉल झाले की पहिल्या बेसवर फुकट चाल. झोन म्हणजे बॅटरशेजारी जमिनीवर असलेल्या होम प्लेटच्या वरची एक अदृश्य चौकट. प्लेटची रुंदी ४३ सेंटिमीटर. चेंडूची कड जरी चौकटीला लागली तरी स्ट्राइक. पिचर १८.४४ मीटरवरून टाकतो, आणि ताशी १५० किलोमीटरच्या पुढचा चेंडू प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यातही तो वाटेत वळतो, पडतो. मेजर लीगचे अंपायर असे निर्णय शंभरात साधारण ९४ वेळा बरोबर देतात. माझ्या मते ही विलक्षण कामगिरी आहे. पण एका सामन्यात बॅट न फिरवलेले दीडएकशे चेंडू तरी असतात, म्हणजे आठ-दहा निर्णय चुकणारच.

ते कुठे चुकतात हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अंपायर कॅचरच्या अगदी मागे नसतो. कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, कॅचरच्या खांद्यावरून तो बघतो. त्यामुळे बॅटरकडची आतली कड स्वच्छ दिसते. बाहेरचा खालचा कोपरा मात्र सगळ्यात लांब पडतो, आणि नेमका तिथेच कॅचरचा हात असतो.

माझी एक चूक सांगतो. मुलींचा जिल्हास्तरीय सामना, सातवी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, एका धावेचा फरक, फुल काउंट, म्हणजे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. चेंडू बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात आला. कॅचर मुलगी फार गुणी होती. चेंडू घेताना तिने मिट, म्हणजे हातातला जाड मोजा, खाली पडू दिला नाही, उलट अलगद आत आणून स्थिर धरला. माझा हात वर गेला. स्ट्राइक, आउट, सामना संपला. बॅटर मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं, बॅट उचलली आणि गेली. संध्याकाळी एका पालकाने फोनवर जाळीमागून काढलेला व्हिडिओ दाखवला. चेंडू प्लेटच्या बाहेर होता, आणि थोडाथोडका नव्हे, एक अख्खा चेंडू मावेल इतका. बॉल दिला असता तर फुकट चालीने सगळ्या एकेक बेस पुढे सरकून धाव मिळाली असती आणि बरोबरी झाली असती. स्कोअरशीट तर केव्हाच सही होऊन गेलं होतं. त्या मुलीचं ते वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं.

तेव्हा यंत्र हवं का, याचं माझं उत्तर ‘हवं’ असंच आहे. प्रश्न कुठे आणि किती, एवढाच.

सगळं यंत्राकडे द्यायचा प्रयोग अमेरिकेने करून बघितला आहे. जुलै २०१९ मध्ये अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगच्या ऑल-स्टार सामन्यात, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला, अंपायरच्या कानात इअरफोन होता. रडार चेंडू मोजायचं, कानात उत्तर यायचं आणि अंपायर ते मोठ्याने बोलायचा. तिथे एक गंमतीदार अडचण पुढे आली. नियमपुस्तकातला झोन घन आहे, प्लेटच्या सगळ्या खोलीवर पसरलेला. पिचरने मोठा कर्व्ह, म्हणजे वळून खाली पडणारा चेंडू, टाकला की तो प्लेटच्या पुढच्या कडेवर गुडघ्यापाशी झोनला जेमतेम शिवायचा आणि कॅचरने धरेपर्यंत जमिनीला टेकायचा. नियमाने तो स्ट्राइक. पण शंभर वर्षांत कुठल्याही अंपायरने असल्या चेंडूला स्ट्राइक दिला नव्हता, आणि कुठल्याही बॅटरने तो मारायचा चेंडू मानला नव्हता. यंत्राने पुस्तकाबरहुकूम काम केलं आणि मैदानावरचे सगळे चक्रावले.

मला या साऱ्या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. यंत्राला झोन शिकवायची वेळ आली तेव्हा कळलं की पुस्तकातला झोन वेगळा आणि खेळला जाणारा वेगळा. पुस्तक म्हणतं, वरची रेघ खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यावर, खालची गुडघ्याच्या वाटीखाली. आता वाकून उभ्या राहिलेल्या, दर चेंडूला हलणाऱ्या माणसावर ती रेघ आखायची कुठे? शेवटी मेजर लीगने ठरवलं: घन नको, प्लेटच्या मध्यावर उभा एक सपाट आयत. वरची रेघ खेळाडूच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. त्यासाठी प्रत्येकाला बूट काढून, सरळ उभं करून मोजतात. ॲरन जजसारख्या दोन मीटर उंच माणसाचा झोन साधारण ५४ सेंटिमीटरपासून १०७ सेंटिमीटरपर्यंत जातो. होसे अल्टुवेसारखा १६८ सेंटिमीटरचा खेळाडू असेल तर ४५ ते ९०. हे आकडे माणसांनी बसून ठरवलेले आहेत. दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ मध्ये सगळे निर्णय यंत्राकडे दिले, मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदाच. त्यांचे आकडे अमेरिकेपेक्षा वेगळे होते, आणि २०२५ साठी त्यांनी सगळा झोन किंचित खाली सरकवला. म्हणजे कालचा अचूक स्ट्राइक आज अचूक बॉल.

कोरियात त्या पहिल्याच वर्षी आणखी एक प्रसंग घडला. यंत्राने स्ट्राइक सांगितला, अंपायरने बॉल दिला. संघाच्या डगआउटमधल्या, म्हणजे बसायच्या जागेतल्या, टॅबलेटवर तो काही चेंडूंनंतर दिसला, त्यांनी हरकत घेतली, आणि अंपायर आपसात ‘यंत्राने बॉल सांगितला होता असंच म्हणू’ असं ठरवत असताना ते माईकवर ऐकू गेलं. त्यांच्यावर कडक कारवाई झाली, ती योग्यच होती. पण मला त्यातून दिसतं ते हे, की ज्या माणसाचं काम केवळ कानातला निरोप पोचवणं एवढंच उरतं, त्याचं चेंडूवरचं लक्ष ढिलं पडतं. मी स्वतः त्या जागी असतो तर माझंही पडलं असतं.

अमेरिकेत ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, २०२३ मध्ये दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवल्या. आठवड्यातले काही सामने पूर्ण यंत्राचे, काही चॅलेंजचे. पूर्ण यंत्राच्या सामन्यांत फुकट चाली वाढल्या. खेळाडूंचा कल चॅलेंजकडे होता. जून २०२४ च्या अखेरीस तिथे फक्त चॅलेंज उरलं.

खेळाडूंना चॅलेंज का आवडलं याचं एक कारण कॅचर. चेंडू कडेवर आला की तो असा धरायचा की तो आतच होता असं वाटावं, याला फ्रेमिंग म्हणतात. आमच्याकडच्या मुलीही ते शिकतात. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. जोरात येणाऱ्या चेंडूला हात न झटकता घेणं हे खरं कसब आहे, आणि मेजर लीगमध्ये कित्येक कॅचरांची नोकरी त्यावर टिकलेली आहे. पूर्ण यंत्र आलं की ते कसब एका रात्रीत निरुपयोगी. चॅलेंजमध्ये ते टिकतं, फक्त त्याला मर्यादा येते. माझ्या त्या सामन्यातल्या कॅचरने जे केलं ते चूक नव्हतं. चूक माझी होती, आणि ती सुधारायला जागा नव्हती.

आता पद्धत बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये मेजर लीगच्या समितीने २०२६ च्या हंगामापासून ती मंजूर केली. संघाला सुरुवातीला दोन चॅलेंज. बरोबर ठरलं तर ते शाबूत राहतं, चुकलं तर गेलं. सामना जादा इनिंगमध्ये गेला आणि संघाकडे काहीच उरलं नसेल, तर त्या इनिंगसाठी एक मिळतं. चॅलेंज करायचा हक्क तिघांनाच: बॅटर, पिचर, कॅचर. लगेच टोपी किंवा हेल्मेटवर थाप मारायची. डगआउटकडे बघायचं नाही, कोचने खूण करायची नाही. मग मैदानातल्या मोठ्या पडद्यावर झोन आणि चेंडू सगळ्यांना दिसतो. चेंडूचा माग काढणाऱ्या हॉक-आय यंत्रणेचे १२ कॅमेरे मागे काम करतात.

२०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांमध्ये, २८८ सामन्यांत ही चाचणी झाली. १,१८२ चॅलेंज आली आणि त्यातली ६१७ बरोबर ठरली. सामन्याला सरासरी चार, प्रत्येकाला सरासरी १३.८ सेकंद. मला यातला निम्म्याचा आकडा फार बोलका वाटतो. ०.४ सेकंदांत खेळणारे हे जगातले सर्वोत्तम बॅटर आणि कॅचर, ‘हा नक्की चुकला’ अशी खात्री वाटल्यावरच थाप मारतात, आणि तरी जवळजवळ निम्म्या वेळा अंपायरचंच बरोबर निघतं. अंपायरवर ओरडणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. त्याच वर्षी जुलैत अटलांटाच्या ऑल-स्टार सामन्यात मात्र पाचपैकी चार चॅलेंज यशस्वी झाली.

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. आठ-दहा चुकांपैकी बहुतेक चुका पहिल्या-दुसऱ्या चेंडूवरच्या, अर्ध्या बोटाच्या असतात. त्यांनी सामना फिरत नाही, आणि त्यांवर कुणी चॅलेंज वाया घालवत नाही. जी चूक तिन्ही बेस भरलेले असताना, फुल काउंटवर होते, ती उलटवायला दोन चॅलेंज पुरतात. शिवाय ती कधी वापरायची हे ठरवणं खेळाडूच्या हातात येतं. तिसऱ्या इनिंगमध्ये रागाच्या भरात दोन्ही घालवली तर नवव्या, म्हणजे मेजर लीगच्या शेवटच्या, इनिंगमध्ये हात बांधलेले.

डीआरएस बघणाऱ्या आपल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. हॉक-आय आधी क्रिकेटच्याच प्रक्षेपणात, २००१ मध्ये, आलं. २०११ च्या मोहालीच्या उपांत्य सामन्यात सचिनला पायचीत दिल्यावर तो निर्णय फिरला आणि त्याने पुढे ८५ केल्या, हे कोण विसरेल? मग ‘बेसबॉलमध्ये अंपायर्स कॉल, म्हणजे अगदी काठावरच्या चेंडूला अंपायरचाच निर्णय कायम ठेवणं, का नाही’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. फरक असा की पायचीतमध्ये चेंडू पॅडवर अडतो आणि पुढचा मार्ग अंदाजाने काढावा लागतो. तिथे अंपायरला संशयाचा फायदा देणं रास्त आहे. बेसबॉलचा चेंडू मात्र कॅचरच्या मिटपर्यंत खरोखर जातो. प्लेटवरून तो कुठून गेला हे मोजलेलं असतं. म्हणून केसाएवढ्या फरकाने का होईना, चॅलेंज केल्यावर मोजलेलं उत्तरच चालतं, आणि ते मला पटतं.

आमच्या जिल्ह्याच्या मैदानावर १२ कॅमेरे येणार नाहीत. पण गेल्या वर्षीपासून सरावाच्या सामन्यांत आम्ही एक करतो. कॅचरच्या मागे, जाळीबाहेर एक फोन तिपाईवर लावतो आणि दोन्ही संघांना दोन-दोन थापा देतो. फोनच्या चित्रावरून अर्ध्या बोटाचा फरक ठरत नाही, ते आम्ही आधीच सांगून टाकतो. तसं असलं की माझाच निर्णय राहतो. मोठी चूक मात्र लगेच दिसते. पहिल्या दिवशी एका आठवीतल्या मुलीने बाहेरच्या खालच्या कोपऱ्यातल्या चेंडूवर हेल्मेटवर थाप मारली. आम्ही सगळे फोनभोवती गोळा झालो. चेंडू बाहेर होता. मी हात खाली घेतला, बॉल दिला, आणि ती पहिल्या बेसकडे पळत गेली.